चुलीवर टांगलेलं टोपलं

अंगठी माझ्या बोटात होती आणि घोडा तीन पायांवर उभा होता. खांद्याचं ऑपरेशन करून नागपूरहून मूल गावी घरी आलो, त्या दिवसाची ही गोष्ट. लोक विचारतात, बुढ्या, तुले एवढा राग कायचा? याचा राग. आणखीही पुष्कळ गोष्टींचा आहे, पण सुरुवात इथून करतो.

माझा टांगा होता. आधी बापाचा होता, मग माझा झाला. स्टेशनवरून सवारी आणायची, राइस मिलमधून कोंड्याचे कट्टे पोचवायचे, बाजाराच्या दिवशी खेड्यांवरच्या बाया टोपल्यांसकट आणायच्या आणि परत सोडायच्या. नव्वद सालानंतर काळी-पिवळी जीपगाड्या आल्या आणि गावातले टांगे एकेक करून बसले. कोणी टांग्यावर कोंबड्या बसवल्या, कोणी तोडून चुलीत घातला. माझाच शेवटचा राहिला, कारण मला दुसरं काही येत नाही. आणि घोडा चांगला होता. काळाकुट्ट, कपाळावर एक पांढरा केस नाही.

मला त्या काळी-पिवळीनंच पाडलं. उन्हाळ्यात, मिलच्या वळणावर. माझी सवारी आधी उचलायची म्हणून ड्रायव्हरनं जीप घासून पुढं काढली, टांग्याचं चाक अडकलं आणि मी डांबरी रस्त्यावर उजव्या खांद्यावर आपटलो. ड्रायव्हर उतरला. आधी त्यानं आपल्या गाडीचा रंग पाहिला, मग मला पाहिलं. म्हणतो कसा, "बाबा, आता तरी घरी बसा नं!" पडल्या पडल्या मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही. टांगा तिरपा झाला होता, पट्टे अंगात रुतत होते, पण घोडा जागचा हलला नाही. माणसापेक्षा जनावराला जास्त अक्कल असते हे मी तेव्हाही म्हणत होतो, आताही म्हणतो.

दंडाचं हाड खांद्याजवळ फुटलं होतं. मूलच्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं. तिथं काही दिवस नुसतं झोपवून ठेवलं, मग कापलं. नंतर डॉक्टरनं फोटो दाखवला. आत लोखंडाची पट्टी, तिला खिळे. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हा तं तुमी मले नाल मारला." ते हसले. मीही हसलो. घरी काय झालं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून हसलो.

आता बायकोचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

काळा घोडा पाळला की लोक दारात येतात. कोणाला साडेसाती आहे, कोणाचा धंदा बसला, कोणाची म्हैस आटली. सगळ्यांना काळ्या घोड्याचा नाल पाहिजे. उंबरठ्यावर ठोकायला, नाहीतर लोहाराकडून अंगठी करून बोटात घालायला. आणि नियमही त्यांचाच, की नाल चालता चालता आपोआप गळालेला पाहिजे, झिजलेला पाहिजे. आम्ही मुसलमान, आमच्या घरात शनीला कोण ओळखतो? पण माझी बायको गळालेला एकही नाल फेकत नव्हती. चुलीच्या वर, आढ्याला, तारेनं एक बांबूचं टोपलं टांगलं होतं. पाटावर चढून ती त्यात नाल टाकायची. धुरात राहिलं की लोखंड गंजत नाही, म्हणायची. कोणी बाई मागायला आली की पुन्हा पाटावर चढायची, एक काढून द्यायची, आणि वरून ऐकवायची, "लोखंड हाय बाई, घेऊन जा. नवऱ्याची दारू काई सुटत नाई याच्यानं." त्या बाया हसत हसत घेऊन जायच्या. बदल्यात ती काही घेत नव्हती. कोणी भोपळा, वाळकं आणून ठेवलं तर मात्र नाही म्हणत नव्हती.

तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. हिवताप डोक्यात चढला. ज्या टांग्यात तिला दवाखान्यात नेलं त्याच टांग्यात परत आणलं, नेतानाही घोडा मीच हाकला आणि आणतानाही. आमचा एकच मुलगा, माजरीला कोळशाच्या खाणीत आहे; टोपलं टांगलं ते तो नोकरीला गेल्यावर. तो पोचला तेव्हा माती देऊन झाली होती. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावतो. घरातलं काय कुठं ठेवलं आहे ते पोराला सांगून तर जायचं होतं. एवढी कसली घाई होती?

दवाखान्यात मुलानं सगळं केलं. रजा टाकली, माझ्या खाटेखाली चटईवर झोपला, वरणभात भरवला, बाकीचंही केलं जे बापाचं पोरानं करू नये. हे लिहिलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बुढा एकतर्फी लिहितो. ऑपरेशनच्या आधी कपडे आणायला म्हणून तो एकदा मूलला जाऊन आला होता. घोड्याला शेजारची बाई चारापाणी करत होती, तिलाही भेटून आला. "बरा हाय घोडा," एवढंच मला सांगितलं.

सुट्टी झाली, बसमध्ये बसलो. त्यानं मला खिडकीजवळ बसवलं, बांधलेल्या हाताखाली उशी दिली. उमरेड गेल्यावर खिशातून कागदाची पुडी काढली.

"अब्बा, हे घाला."

"काय हाय?"

"काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी. आमच्या खाणीत सारेच घालतेत. दवाखान्यात सिस्टर घालू देत नोती, नाई तं आधीच घातली असती."

त्यानं स्वतःच माझ्या उजव्या हाताच्या बोटात सरकवली. ज्या हाताला लागलं त्याच हातात पायजे, म्हणाला. आता खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. खाणीत उतरणाऱ्याला कोणीही चालतो, शनी, पीर, मारुती. त्यात मी काही वाईट धरत नाही. उलट वाटलं, पोरानं मायची आठवण ठेवली, तिनं टांगलेलं टोपलं उतरवलं.

"टोपल्यातला घेतला ना?"

"कोनतं टोपलं?"

मी त्याच्याकडं पाहिलं. तो अंगठीकडं पाहत होता.

"मंग नाल कुठून आनला?"

"आपल्याच घोड्याचा. दुसऱ्याच्या घोड्याचा भरोसा काय, अब्बा?"

"गळाला होता?"

"काढला. पुढचा डावा. शनवारीच काढला, बराबर." आणि वर फुशारकीनं म्हणतो, "नवाच होता. कसा चमकून राह्यला होता!"

चमकत होता, कारण मी पडलो त्याच्या आधीच्या हप्त्यात नालबंद येऊन चारही पायांना नवे नाल मारून गेला होता. हात बांधलेला होता, बस भरलेली होती, म्हणून पोरगा वाचला. नागभीडला त्यानं खिडकीतून चहा दिला, मी तोंड फिरवलं. "दुखून राह्यलं का, अब्बा?" त्यानं विचारलं. मूल गाव येईपर्यंत मी तोंड खिडकीकडंच ठेवलं.

घरी आलो. घोडा गोठ्यात पुढचा डावा पाय उचलून उभा होता. माझा आवाज ऐकून पुढं यायला गेला आणि तोल गेला. शेजारची बाई धावत आली.

"भाऊ, म्या म्हनलं होतं तुमच्या बाबूले, नालबंदाले बलाव. ऐकते काय? गॅरेजवाला आनला, सबल अन् पकड घेऊन. घोडा असा वरडला का माह्या घरी चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मले समजलं नाई."

नाल कसा काढतात ते सांगतो. खिळे खालून ठोकतात, ते खुराच्या बाहेरच्या अंगानं निघतात, आणि त्यांची टोकं वाकवून दाबलेली असतात. आधी ती टोकं कापायची, मग नाल हळूहळू सैल करायचा. यांनी टोकं तशीच ठेवली, खालून सबल, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि ओढलं. खिळ्यांसकट खुराची एक बाजू सोलून निघाली. आपलं नख पकडीनं ओढा आणि मग त्याच बोटावर दिवसभर उभे राहा, म्हणजे कळेल. हे सगळं कशासाठी? तर माझा खांदा बरा व्हावा म्हणून. आणि घरात, चुलीच्या वर, टोपलंभर गळालेले नाल टांगलेले.

अंगणात उभा राहून मी मुलाला जे बोललो ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मले काय मालूम खिळे वाकवलेले असतेत?"

"टांगेवाल्याच्या घरी जन्मला अन् तुले मालूम नाई?"

"तुमीच म्हनत होते, घोड्याच्या मागं नको येऊ, शाळेत जा, नोकरी पाह्य."

म्हणत होतो. म्हणून मी आणखी मोठ्यानं ओरडलो. तेव्हा तो बोलला, "अम्मीच्या वक्ताले मी नोतो. या वक्ती वाटलं, काईतरी करावं."

"काईतरी करायचं होतं तं जनावराले पानी पाजायचं होतं!"

रजा संपायच्या दिवशी त्यानं सुनावलं. तुमचा हात असा, त्याचा पाय असा, घोडा विका आणि माजरीला चला. वीटभट्टीवाला एक जण घ्यायला तयार आहे. वीटभट्टीवर लंगडा घोडा कसा वागवतात हे मी पाहिलं आहे. पाठीवर ओल्या जखमा, आणि मागून एक जण काठी घेऊन. मी म्हटलं, माझ्या मयतीनंतर वीक. तोही माझाच पोरगा. म्हणाला, "दसऱ्याले येतो, अब्बा. तवापावत चारी पायावर चालला तं ठेवा. नाई तं मी घेऊन जातो. तुमी एका हातानं काय काय करान?"

गेला. अंगठी मी काढली नाही. दसऱ्याला आल्या आल्या त्याला दिसली पाहिजे म्हणून ठेवली.

मग पावसाळा लागला. फाटक्या खुराला चिखलासारखा दुश्मन नाही. जीपच्या टायरची जुनी ट्यूब आणून घोड्याच्या पायाला बूट केला. काळी-पिवळीची ट्यूब होती, निदान तेवढ्या तरी कामी आली. आत कडुनिंबाचा पाला आणि हळद-तेलाची चिंधी. बूट रोज काढायचा, खूर धुवायचा, टरपेन तेल लावायचं, पुन्हा बांधायचं. डाव्या हातानं घोड्याचा पाय उचलून मी तो मांडीवर घ्यायचो, आणि गाठ शेजारची बाई मारायची. घोड्याला काय, पाय मांडीवर मिळाला की तो सगळं वजन माझ्यावर टाकून आरामात भाताचं तणस चघळायचा. "तुले लाज नाई," मी म्हणायचो. बाई म्हणायची, "मालकावर गेला, भाऊ."

माझ्या खांद्याचंही होतंच. डॉक्टरनं दोन व्यायाम सांगितले होते. वाकून हात लोंबकळत सोडायचा आणि झोके द्यायचे, आणि भिंतीसमोर उभं राहून बोटं हळूहळू वर चढवायची. माझ्या घराची भिंत मातीची. बोटं चढवली की माती डोळ्यांत. दोन दिवस केलं आणि भिंतीलाही शिव्या दिल्या. मग घोड्याच्या अंगावरूनच बोटं चढवायला लागलो. त्याच्या गुडघ्याच्या वरून सुरुवात केली. पोटापर्यंत गेलो की त्याला माशी बसल्यासारखं वाटायचं, कातडी थरथरायची, मान वळवून पाहायचा. "मीच हाय बे," सांगावं लागायचं. पोटाच्या वर जायला पोळा उजाडला. इतकं दुखायचं की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि पाणी आलं की मला बायको आठवायची, आणि ती आठवली की अजून राग यायचा. असा तो व्यायाम.

सकाळी चहा करायला चूल पेटवली की वर टोपलं दिसायचं. धुरानं काळं झालेलं, जाळी लागलेलं. हात तिथपर्यंत जात नव्हता. शेजारच्या बाईला सांगितलं असतं तर तिनं काढून दिलं असतं. नाही सांगितलं. बायकोनं टांगलेलं दुसऱ्याच्या हातानं उतरवायचं नव्हतं मला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नालबंद आला. मी ब्रह्मपुरीला निरोप धाडला होता. म्हातारा माणूस, माझ्याच वयाचा, तोंडाचा माझ्याहून वाईट. काळी-पिवळीतून उतरला म्हणून आधी मी त्याला बोललो. त्याच दुपारी मुलगाही आला, खांद्याला बॅग. आल्या आल्या त्यानं माझं बोट पाहिलं आणि मग दुसरीकडं पाहिलं.

नालबंदानं खूर उचलून पाहिला.

"कोन्या कसायानं काढला हा?"

मुलानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"घरच्यानं," मी म्हटलं.

"घरचाच असन. भाईरचा एवढी मेहनत नाई करत." त्यानं खुरावरून अंगठा फिरवला. "वाढून राह्यला, पन कच्चा हाय. याले नवा नाल नाई झेपत, जड पडते. अन् नव्याची भोकं फाटक्या जागीच येतेत. याच पायाचा जुना असन तं पाह्य. झिजून पातळ झालेला. भोकं मी दुसरीकडं पाडतो. जुना नसन तं मी चाललो."

मी मुलाकडं वळलो. "जा. चुलीच्या वर पाह्य."

"काय हाय तिथं?"

"जा तं खरं."

माय गेल्यावर तो त्या चुलीपाशी गेला नव्हता. येत होता, अंगणात बसत होता, बाहेरून आणलेलं खात होता, जात होता. आता आत गेला. पाट सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. नालबंदानं बिडी पेटवली, ती संपली.

"पोट्टा चुलीत पडला काय, भाऊ?"

तो बाहेर आला तेव्हा टोपलं छातीशी धरलेलं होतं. सदरा काळा, तोंड काळं, डोळ्यांखाली काजळी पुसलेली.

"इतके होते?" त्यानं विचारलं.

"इतके होते."

नालबंदानं टोपलं जमिनीवर उपडं केलं. एकेक उचलून खुराला लावून पाहत गेला, नाही म्हणून बाजूला टाकत गेला. मग एक ठेवला आणि मान हलवली. "हा. बाईनं ठेवला होता काय?"

"तिनंच."

"गंज नाई लागला." त्यानं ऐरणीवर ठेवून नवी भोकं पाडली. "पाय कोन धरन? भाऊ, तुमचा खांदा तं गेला."

"मी धरतो," मुलगा म्हणाला.

घोड्यानं त्याला ओळखलं. कान मागं टाकले, दात दाखवले. मी डोक्यापाशी उभा राहिलो, डाव्या हातात दोर, उजवा मानेवर. मुलानं पाय उचलला तो बोटांच्या टोकांनी.

"नवरीचा हात धरून राह्यला काय बे?" नालबंद ओरडला. "मांडीत घे! दाबून! त्याले वाटलं पायजे का कोनीतरी धरलं." एकेक खिळा गेला. शेवटी त्यानं खिळ्याचं टोक मुलाला दाखवलं. "हे पाह्य. हे असं वाकवते. काढाचं असन तं आधी हे कापते. दिसलं?"

"दिसलं."

"मोठ्यानं सांग, घोड्याले आयकू जाऊ दे."

"दिसलं!"

पाय खाली सोडला. घोड्यानं तो जमिनीला नुसता टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग वजन दिलं. दोर मी मुलाच्या हातात दिला आणि म्हटलं, वळणापर्यंत ने आणि आण. नेला, आणला. जरा लचकत होता, पण चारी पायांवर.

मुलगा दोर धरून उभा राहिला. "वीटभट्टीवाल्याले काय सांगू?"

"सांग, घोडा नाई. लंगडा बुढा हाय, पायजे असन तं घेऊन जा."

नालबंद हसला. मुलगा हसला नाही. त्यानं घोडा गोठ्यात बांधला आणि न सांगता पाणी ठेवलं.

दसऱ्याला गल्लीतल्या बाया झेंडूचे हार घेऊन आल्या, दरवर्षी येतात तशा. घोड्याच्या गळ्यात घातले, खुरांना कुंकू लावलं. तोवर मुलाची निघायची वेळ झाली. बॅग घेऊन तो टोपल्यापाशी घुटमळत होता.

"अब्बा, यातला एक मी घेऊ?"

मी पाहिलं. त्यानं सगळ्यांत झिजलेला निवडला होता, मधे पार पातळ झालेला.

"लोखंड हाय," मी म्हटलं. "घेऊन जा."

त्यानं तो रुमालात गुंडाळला. मग माझ्या बोटाकडं पाहून म्हणाला, "ते काढा नं आता."

"हे राहीन. मी तुले माफ केलं नाई अजून."

"मालूम हाय."

"टोपलं जागेवर टांगून जा. माझा हात नाई जात."

तो आत गेला. त्याची बस निघून गेल्यावर मी चहा ठेवायला चुलीपाशी गेलो, तर टोपलं जागेवर नव्हतंच. त्यानं तारेला दोरी बांधून ते चांगलं हातभर खाली घेतलं होतं आणि चुलीवरून भिंतीकडं सरकवलं होतं. माझ्या डोक्याच्या थोडं वर. म्हणजे मला पोचता यावं म्हणून. तिथं धूर लागत नाही. गंजून जातील सगळे. आणि हे त्या पोराला कोण सांगणार? मी त्याला तिथं नसतानाच भरपूर बोलून घेतलं. मग पाट ओढला, टोपल्याखाली त्यावर उभा राहिलो आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चढवायला लागलो. माती डोळ्यांत येत होती. टोपलं परत आढ्याला, धुरात न्यायचं होतं.